छोट्या मोटारगाडीचे इंजिन, घाटीचा चढाव आणि चालविण्याचा आनंद : हेदवी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मोटारगाडी खरेदी करू इच्छिणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाच्या हाती विक्रेत्याकडून जे माहितीपत्रक पडते, त्यात इंजिनाविषयीचे तीन आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात : अश्वशक्ती, टॉर्क आणि एका लिटर इंधनात कापले जाणारे अंतर. गाडी चालविताना आनंद किती मिळेल याचा आकडा त्यात नसतो, आणि तो असणे शक्यही नाही. तथापि ग्राहक त्या तीन आकड्यांतूनच आनंदाचा अंदाज बांधतो. पहिला आकडा मोठा, तर गाडी दमदार. आणि गाडी दमदार, तर चालविण्यात मजा, अशी ही सरळ विचारसरणी आहे. ती कितपत खरी आहे, हे तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या नियतकालिकाचे वाचक सर्व विद्याशाखांतील असल्याने समीकरणे टाळून साध्या हिशेबावर भर दिला आहे. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना काही ठिकाणी विवेचन ढोबळ वाटेल, त्यास इलाज नाही. विवेचनासाठी महामार्ग न निवडता रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातल्या हेदवी परिसराचे रस्ते निवडले आहेत. आपल्याकडील छोट्या गाड्यांचे बरेचसे आयुष्य अशाच रस्त्यांवर जाते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण व्यक्तिगत आहे आणि ते पुढे येईलच.

हेदवीचा रस्ता

हेदवी हे गाव दशभुज लक्ष्मीगणेशाच्या मंदिरामुळे आणि समुद्रकाठच्या बामणघळीमुळे पर्यटकांना परिचित आहे. गुहागरहून मोडकाआगर, पालशेत, वेळणेश्वर असे करीत दक्षिणेकडे आले की हेदवी लागते. तसेच पुढे गेल्यास तवसाळला रस्ता संपतो आणि पलीकडे जयगडला जाण्यासाठी फेरीबोट मिळते. या सबंध पट्ट्याची रचना एकसारखी आहे. वर जांभ्याचा उघडाबोडका सडा, खाली खाडी किंवा समुद्र, आणि मध्ये नारळी-पोफळीच्या आगरांत वसलेल्या वाड्या. रस्ता सड्यावर सरळ धावतो, मग एकाएकी दोन-तीन आखूड वळणे घेऊन खाली उतरतो, पऱ्यावरची मोरी ओलांडतो आणि पुन्हा तसाच वर चढतो. वेग क्वचितच ताशी ४० किलोमीटरच्या वर जातो. समोरून एस.टी. आली तर एकाने थांबायचे, कोणी थांबायचे हे दोघांनाही न बोलता कळते.

दोन वर्षांपूर्वी, आंब्याच्या हंगामात, लेखक आई-वडिलांना आणि एका आप्तांना घेऊन हेदवीहून चिपळूणला निघाला होता. मागे आंब्याच्या पेट्या होत्या. वडिलांची डोळ्यांच्या तपासणीची वेळ ठरलेली असल्याने थोडी घाई होती. वाडीतून सड्यावर येणाऱ्या चढावावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. ती हळूहळू दमली, थरथरली आणि अखेर बंद पडून हातभर मागे सरकली. हातब्रेक ओढून, पुन्हा सुरू करून, पहिल्या गिअरमध्ये ती वर काढावी लागली. लेखकाने वैतागून गाडी बदलण्याविषयी काही उद्गार काढले. वडील एस.टी.त चालक होते. निवृत्तीला आता बरीच वर्षे झाली. ते एवढेच म्हणाले, "अरे, ओढवत नाही असं तिनं त्या मोरीपाशीच सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस."

गाडी कमी पडली की चालविणारा, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला. नवी गाडी घ्यायची तर सहायक प्राध्यापकाच्या वेतनातून पुढली पाच-सात वर्षे हप्ते जाणार होते. तेव्हा उत्तर शोधणे ही केवळ बौद्धिक हौस नव्हती.

शक्ती आणि टॉर्क

हे दोन शब्द बोलण्यात सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. टॉर्क म्हणजे पीळ देण्याचा जोर. जांभ्याचा चिरा पहारीने उचकटताना आपण जेवढ्या लांबीवर जेवढा जोर लावतो, त्यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. शक्ती म्हणजे ते काम किती झपाट्याने होते त्याचे माप. इंजिनाच्या बाबतीत टॉर्कला मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी गुणले आणि ९५४९ या स्थिरांकाने भागले, की किलोवॉटमध्ये शक्ती मिळते. एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ०.७३६ किलोवॉट.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पत्रकावर छापलेली अश्वशक्ती ही इंजिन एका विशिष्ट, बहुधा बऱ्याच मोठ्या, गतीने फिरत असतानाच मिळते. २०१० साली मारुती स्विफ्टमध्ये आलेल्या ११९७ घनसेंटीमीटरच्या पेट्रोल इंजिनाची शक्ती ८५ अश्वशक्ती होती, ती मिनिटाला ६००० फेऱ्यांना. त्याचा कमाल टॉर्क ११३ न्यूटन-मीटर, ४५०० फेऱ्यांना. आता हेदवीच्या रस्त्यावर कोणता चालक इंजिन ६००० फेऱ्यांपर्यंत नेतो? बहुतेक जण २००० ते २५०० च्या आसपास गिअर बदलतात. त्या गतीला टॉर्क ९५ न्यूटन-मीटर धरला, तर हाती येणारी शक्ती होते २० किलोवॉट, म्हणजे अवघी २७ अश्वशक्ती. उरलेल्या ५८ अश्वशक्तीचे पैसे आपण दिलेले असतात. त्या वापरात मात्र येत नाहीत.

याउलट २००७ साली त्याच गाडीत आलेले १२४८ घनसेंटीमीटरचे टर्बो डिझेल इंजिन पाहा. त्याची कमाल शक्ती ७५ अश्वशक्ती, म्हणजे पेट्रोलपेक्षा कमी. पण टॉर्क १९० न्यूटन-मीटर, आणि तोही २००० फेऱ्यांनाच. वरच्या हिशेबाने त्या गतीला सुमारे ५४ अश्वशक्ती हाती येते, पेट्रोलच्या दुप्पट. कागदावर दुबळी असलेली गाडी रस्त्यावर दांडगी का वाटते, याचे उत्तर एवढ्यातच आहे. अर्थात डिझेलच्या गिअरांची गुणोत्तरे लांब असल्याने चाकापाशी हा फरक दुपटीइतका राहत नाही. टॉर्कचे दोन आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणारे लोक हे विसरतात.

चढावाचा हिशेब

आता तो चढाव घेऊ. समजा, दर दहा मीटरला एक मीटर चढ आहे. गाडी, चार माणसे आणि सामान मिळून वजन १२५० किलो. वेग ताशी ३० किलोमीटर. गुरुत्वाकर्षण गाडीला सुमारे १२२० न्यूटनने मागे ओढते. टायरच्या घर्षणाचा रोध १८० च्या आसपास. हवेचा रोध एवढ्या कमी वेगाला नगण्य, तीसेक न्यूटन. एकूण झाले सुमारे १४३० न्यूटन. या वेगाला त्यासाठी १२ किलोवॉट लागतात. गिअरपेटीतील घट धरून १३. म्हणजे १८ अश्वशक्ती.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. भरलेली छोटी गाडी एकास दहाच्या चढावावरून नेण्यास १८ अश्वशक्ती पुरतात, आणि बाजारातील सर्वांत साध्या गाडीकडेही याच्या दुपटीहून अधिक शक्ती असते. मग गाडी बंद का पडली?

कारण शक्ती इंजिनात असणे वेगळे आणि त्या क्षणी हाती असणे वेगळे. चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर धरली, तर ताशी ३० किलोमीटरला चाक मिनिटाला २६५ फेरे घेते. दुसऱ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाचे आठ फेरे होतात असे समजू; इंजिन २१०० च्या गतीने फिरेल आणि त्यास सुमारे ६० न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागेल. इंजिन ९५ देऊ शकते. म्हणजे ३५ शिल्लक. पाय दाबला तर गाडी चढावावरही दर सेकंदाला ताशी दोन-अडीच किलोमीटरने वेग वाढवू शकेल. तिसऱ्या गिअरमध्ये मात्र चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाचे फेरे होतात ५.३. गती उतरते १४०० वर, आणि लागणारा टॉर्क होतो ९०. एवढ्या कमी गतीला साध्या पेट्रोल इंजिनाकडे जेमतेम तेवढाच असतो. शिल्लक शून्य.

आणि खरा धोका याच्या पुढे आहे. एखाद्या खड्ड्यामुळे वेग ३० वरून २५ वर आला, की इंजिनाची गती १२०० च्या खाली जाते. चढाव तोच असल्याने लागणारा टॉर्क तेवढाच राहतो. मिळणारा मात्र आणखी घटतो. त्यामुळे वेग आणखी उतरतो, त्यामुळे टॉर्क आणखी घटतो. घसरण एकदा सुरू झाली की पायाखालचे पॅडल तळाला टेकले तरी उपयोग नाही. खालचा गिअर टाकणे हा एकच उपाय, आणि तोही वेळेवर. गिअर म्हणजे लांबी बदलता येणारी पहारच असते. वडिलांनी मोरीपाशी ऐकलेला आवाज हा शिल्लक संपल्याचा आवाज होता. त्यांना ९५४९ हा स्थिरांक ठाऊक नव्हता, त्याची गरजही नव्हती. लेखकाला तो ठाऊक होता, आणि तो दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिला जात होता.

वातानुकूलन यंत्राचाही येथे उल्लेख करावयास हवा. त्याचा संपीडक इंजिनाकडून दोन-अडीच किलोवॉट घेतो. महामार्गावर हे जाणवत नाही. वरच्या हिशेबात २१०० फेऱ्यांना ते सुमारे ११ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे शिलकीतील जवळजवळ एक-तृतीयांश. चढाव आला की ए.सी. बंद करणारे जुने चालक कंजूष नसतात. बऱ्याच नव्या गाड्यांत पाय पूर्ण दाबला असता संगणकच संपीडक क्षणभर सोडवतो.

समुद्रसपाटीचा मात्र हेदवीला फायदा आहे. टर्बोविना चालणारे इंजिन जेवढी हवा ओढील तेवढीच शक्ती देते. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा समुद्रकाठच्या तुलनेत अंदाजे बारा टक्के विरळ असते, आणि शक्तीही साधारण तेवढीच घटते.

ओझ्याविषयी एक आकडेमोड उद्बोधक आहे. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० सुमारे ६५० किलोची होती आणि तिच्या ७९६ घनसेंटीमीटरच्या इंजिनाची शक्ती चाळिशीच्या आतबाहेर होती. तीनशे किलोचे ओझे घातल्यावर तिची दर टनामागची शक्ती ३२ टक्क्यांनी घटते. ९२० किलोच्या आजच्या गाडीत तेच ओझे घातले तर घट २५ टक्के. हलकी गाडी एकट्याने चालविताना चपळ वाटते आणि सहकुटुंब निघताच रुसते, ते यामुळेच.

कराने ठरविलेले आकारमान

आपल्याकडील छोटी गाडी एवढीच का असते, याचे उत्तर अभियांत्रिकीपेक्षा अर्थसंकल्पात अधिक सापडते. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२००, डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटीमीटरपर्यंत असलेल्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले. २००५ साली १२९८ घनसेंटीमीटरच्या इंजिनासह आलेली स्विफ्ट या मर्यादेत बसत नव्हती; २०१० मध्ये तिचे इंजिन ११९७ चे झाले. शंभर घनसेंटीमीटर कमी होऊनही टॉर्क ११३ च राहिला आणि शक्ती दोनच अश्वशक्तींनी उतरली, हे अभियंत्यांचे यश. वस्तू व सेवा कराच्या रचनेतही हीच सीमारेषा टिकली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटावरील कर १८ टक्क्यांवर आला. वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांनी या सीमारेषेवर स्वतंत्र लेख लिहावा, एवढा तो विषय मोठा आहे.

एकच इंजिन, निरनिराळ्या गाड्या

इंजिनाची कामगिरी आणि चालविण्याचा आनंद या गोष्टी वेगळ्या आहेत, हे सिद्ध करणारा एक उत्तम प्रयोग आपल्याकडे नकळत घडून गेला. फियाट कंपनीचे १२४८ घनसेंटीमीटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन, जे पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातही तयार होत असे, ते मारुती स्विफ्टमध्ये होते, २००८ च्या टाटा इंडिका व्हिस्टामध्ये होते आणि २००९ च्या फियाट पुंटोमध्येही होते. एवढ्या गाड्यांत ते बसले की त्यास गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हटले जाई. शक्ती तिन्हीकडे जवळपास ७५ अश्वशक्ती. इंजिन एक, आकडे एक. तर आनंदही एकच असावयास हवा होता.

तसे झाले नाही. स्विफ्ट तुलनेने हलकी. चाक जरा वळविताच नाक वळविणारी. पुंटो जड; वेग घ्यायला आळशी, पण एकदा वळणात शिरली की रुळावरून गेल्यासारखी जाणारी, आणि तिचे द्रवचालित सुकाणू खालच्या रस्त्याचा पोत हातापर्यंत पोहोचविणारे. व्हिस्टा या दोहोंपेक्षा ऐसपैस आणि खड्ड्यांवर मवाळ; तिच्या मागच्या आसनावर बसून प्रवास करणे सुखाचे, चालविणे मात्र वळणावर झुकणाऱ्या होडीसारखे. तिन्ही गाड्या चालविलेले लोक इंजिनाविषयी क्वचितच वाद घालतात. वाद होतो तो सुकाणू, झोके आणि आसन यांवर.

या इंजिनाचा एक स्वभावदोषही सर्वत्र सारखा होता. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो वेगाने फिरू लागेपर्यंत इंजिनास जादा हवा मिळत नाही. त्यामुळे मिनिटाला १८००-२००० फेऱ्यांच्या खाली हे इंजिन सुस्त राही, आणि त्यापुढे एकदम पाठीत धक्का बसावा तशी गाडी झेपावे. सड्यावरच्या सरळ रस्त्यावर तो धक्का सुखद असतो. पावसाळ्यात, शेवाळलेल्या आखूड वळणावर, चाके अर्धवट वळलेली असताना तो आला, की सुखद राहत नाही.

पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि मारुतीने डिझेलचा नाद सोडला. लहान गाडीत डिझेल ठेवणाऱ्यांत टाटांची आल्ट्रोझ उरली. २०२५ साली नव्या रूपात आली तेव्हाही तिच्यात १४९७ घनसेंटीमीटरचे डिझेल इंजिन होते. डिझेलची जागा मुख्यतः टर्बो पेट्रोलने घेतली. त्याची चुणूक चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या फोक्सवॅगन पोलोच्या २०१३ च्या जीटी टीएसआय आवृत्तीने आधीच दाखविली होती : ११९७ घनसेंटीमीटर, १०५ अश्वशक्ती, आणि १५०० फेऱ्यांपासूनच १७५ न्यूटन-मीटर. आपल्या चढावाच्या हिशेबात हे इंजिन १५०० ला ३७ अश्वशक्ती देते, जेथे गरज १८ ची आहे. असे इंजिन चढावावर चालकाकडून काहीच मागत नाही. पोलोचे येथील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. तिची आठवण काढणारे लोक अद्याप भेटतात.

आनंदाचे शास्त्र

चालकाकडून काहीच न मागणारे इंजिन अधिक आनंददायक असते काय? येथे भौतिकशास्त्र संपते आणि मानसशास्त्राची मदत घ्यावी लागते.

पहिली गोष्ट, वेग शरीराला कळतच नाही. डोळे मिटून गुळगुळीत रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीत बसले, तर ती चाळीसने जाते की ऐंशीने, हे सांगता येणार नाही. आंतरकर्णातील संवेदक जाणतात ते वेगातील बदल, म्हणजे त्वरण. त्यातही त्वरण किती आहे यापेक्षा ते किती एकाएकी आले, याचा ठसा मनावर अधिक उमटतो. टर्बो डिझेलचा धक्का प्रत्यक्षापेक्षा मोठा भासतो तो यामुळे, आणि एकसारखा जोर देणारे पेट्रोल इंजिन घड्याळाच्या हिशेबाने तेवढेच जलद असूनही बेचव वाटते.

दुसरी गोष्ट, एकोणिसाव्या शतकात वेबर आणि फेशनर या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडलेला नियम : एखाद्या उद्दीपनातील बदल जाणवण्यासाठी तो मूळ उद्दीपनाच्या ठरावीक प्रमाणात असावा लागतो. चाळीस अश्वशक्तीच्या गाडीत दहा वाढल्या तर लगेच जाणवतात. शंभराच्या गाडीत त्याच दहा हरवून जातात. पत्रकातील आकड्यांची चढाओढ एका मर्यादेपुढे निष्फळ ठरते, असे यावरून म्हणता येईल.

तिसरा मुद्दा लेखकास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून मांडलेल्या विचारानुसार, माणूस एखाद्या कामात पूर्ण रमतो तो कामाची अवघडता आणि त्याचे कौशल्य यांची जोड बसली म्हणजे. काम फार सोपे, तर कंटाळा. फार अवघड, तर भीती. शिवाय केलेल्या कृतीचा परिणाम तत्काळ कळावा लागतो. हे निकष हेदवीच्या रस्त्याला लावून पाहावेत. वेग ३०-४०. एका घाटीत पाच-सहा वेळा गिअर बदलावा लागतो, प्रत्येक वळणाआधी पुढच्या चढावाचा अंदाज घ्यावा लागतो, आणि अंदाज चुकला तर इंजिन ताबडतोब तक्रार करते. साध्या पेट्रोल इंजिनाची छोटी गाडी येथे चालकाला बरोबर त्याच्या कुवतीएवढे काम देते. दीडशे अश्वशक्तीच्या गाडीस याच रस्त्यावर करण्यासारखे काही नसते. तिचा आनंद ज्या वेगाला सुरू होतो, तो वेग येथे गुन्हा ठरेल.

येथे एक प्रांजळ कबुली द्यावयास हवी. शिल्लक शक्ती ही चैन आहे असे म्हणणे शृंगारतळी-चिपळूण रस्त्यावर टिकत नाही. चिऱ्यांनी भरलेला ट्रक ताशी ४० ने पुढे चाललेला असतो आणि त्यास ओलांडावयाचे असते. समोरून येणारी गाडी आणि आपण दोघेही ६० ने जात असलो, तर आपण उजव्या बाजूला घालविलेल्या प्रत्येक जादा सेकंदास ३३ मीटर मोकळा रस्ता लागतो. येथे टर्बोचा जोर हा आनंदाचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न असतो. ज्याच्याकडे तो नाही त्याने ट्रकमागे राहावे. हे लिहिणे सोपे आहे. मागे आजारी माणूस असताना अवघड जाते.

आवाजाविषयीही थोडे. चार सिलिंडरांच्या इंजिनात अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, तीन सिलिंडरांच्या इंजिनात दोन-तृतीयांश फेऱ्याला. त्यामुळे तीन सिलिंडरांचे इंजिन कमी गतीला खडबडीत वाटते आणि त्यास टोकापासून टोकापर्यंत डोलण्याची खोड असते. पण घर्षण करणारे भाग कमी असल्याने इंधन वाचते. २०२४ च्या स्विफ्टमध्ये चाराऐवजी तीन सिलिंडर आले : शक्ती ९० वरून ८२ वर, टॉर्क जवळपास तोच, आणि प्रमाणित अंतर लिटरला सुमारे २४.८ किलोमीटर. हे प्रमाणीकरण पुण्यातील एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेसारख्या ठिकाणी, गाडीची चाके रुळांवर फिरवून, ठरावीक चक्रानुसार होते. त्या चक्रात ताशी ९० च्या वर वेग नाही, आणि चढावही नाही. ज्यांनी हेदवीत राहून तो आकडा गाठण्याची अपेक्षा धरली, त्यांनी चूक संस्थेची मानू नये.

उतार

चढलेली गाडी उतरवावी लागते, आणि माहितीपत्रकात उतरण्याविषयी काहीच नसते. १२५० किलोची गाडी शंभर मीटर खाली येताना सुमारे बारा लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी टाकावी लागते. तेवढ्यात साधारण चार लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी ब्रेकच्या तबकड्यांत टाकली तर तबकड्या तापतात आणि पकड सुटू लागते. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, हा एस.टी.च्या चालकांचा जुना दंडक याच हिशेबावर उभा आहे : खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच ओढ धरते आणि ऊर्जेचा मोठा वाटा तेथे जातो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचविणारे महाभाग आजही आढळतात. इंधन-फवारणीच्या आधुनिक इंजिनात गिअरमध्ये राहून पाय उचलला तर फवारणी पूर्ण बंद होते. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवण्यासाठी ती चालू राहते. म्हणजे बचतही होत नाही.

विजेच्या गाडीने हे सारे गणित पालटले आहे. २०२२ मध्ये आलेल्या टियागोच्या विद्युत आवृत्तीतील मोठ्या बॅटरीच्या गाडीचा टॉर्क ११४ न्यूटन-मीटर आहे, पेट्रोल टियागोच्या जवळपास तेवढाच. पण तो शून्य फेऱ्यांपासून मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये दमण्याचा प्रश्न नाही, कारण तिसरा गिअरच नाही. उतरताना ते बारा लाख ज्यूल वाया न जाता त्यांतील बराच भाग बॅटरीत परत येतो. कामगिरीच्या कोणत्याही निकषावर हेदवीच्या घाटीसाठी ही गाडी सरस ठरते.

लेखकाने अद्याप गाडी बदललेली नाही. चढाव लागण्याआधी, मोरीच्या अलीकडेच, दुसरा गिअर टाकण्याची सवय लागली आहे आणि जुनी गाडी चौघांना घेऊन वर येते. मध्यंतरी एका सहकाऱ्यांच्या विजेच्या गाडीतून वडिलांना त्याच रस्त्याने आणण्याचा योग आला. गाडी न कुरकुरता सड्यावर आली. वडिलांनी आवडल्याचे सांगितले, आणि थोड्या वेळाने विचारले, "पण ही दमली, हे कळायचं कसं?" समोरच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा दिसतो, असे त्यांना सांगितले. त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून तो वाचण्याचा प्रयत्न केला.